कच्चे राहिलेले सहा खांब

काँक्रीटचे गुण सांगायला संघपाल मिसाळ एकदा सुरू झाला की ऐकणाऱ्यानं चहा मागवून बूड टेकावं हे उत्तम. पत्र्याचं शेड उन्हाळ्यात भट्टी होतं, काँक्रीट होत नाही. आग लागली तर लोखंड वाकून खाली येतं, काँक्रीट माणसं बाहेर पडेपर्यंत उभं राहतं. पत्र्याला दर दोन-चार वर्षांनी रंग, गंज, नटबोल्ट. काँक्रीटला काय लागतं? पहिले एकवीस दिवस पोटभर पाणी. पुढं दर पावसाळ्याआधी गच्चीच्या नाळी साफ करायच्या आणि केसाएवढी चीर दिसली तरी त्याच आठवड्यात बुजवायची, म्हणजे ओल आतल्या सळईपर्यंत पोचत नाही. "एवढं सांभाळलं ना तात्या," तो सांगायचा, "तर तुमच्या नातवाचा नातू हितं दुकान मांडून बसंल."

हे सगळं त्यानं लासुर्ण्याच्या मानसिंगरावांच्या ओसरीवर बसून सांगितलं होतं. मानसिंगराव मोठे ऊसवाले. इंदापुरात हायवेला त्यांची जागा होती आणि तिथं खाली चार शोरूम, वर हॉल अशी इमारत उठवायची होती. त्यांच्या पुतण्यांचं म्हणणं, सहा महिन्यांत पत्र्याचं शेड उभं करू आणि मोकळे होऊ. संघपाल सलग तीन दिवस त्यांच्या ओसरीवर गेला. तिसऱ्या दिवशी मानसिंगराव पुतण्यांना म्हणाले, "काँक्रीटच करू. आन् हाच करंल." पुतण्यांनी एकमेकांकडं बघितलं. बारामतीत इतके नावाजलेले ठेकेदार पडलेत आणि तात्या या मिसाळाला काम देतात, हे त्या बघण्यात होतं. मानसिंगरावांनी ते पाहिलं आणि पानाला चुना लावत बसले.

संघपालची बारा वर्षं दुसऱ्यांच्या साइटवर सुपरवायझर म्हणून गेली होती. स्लॅब त्यानं भरायचे, नाव दुसऱ्याचं लागायचं. आता पहिल्यांदा रस्त्याकडेला पाटी लागली: 'बांधकाम: संघपाल ज्ञानदेव मिसाळ, बारामती'. हे काम नीट उभं राहिलं तर पुढची दहा कामं चालत येणार आणि हे बिघडलं तर पुन्हा कुणाची तरी साइट, कुणाची तरी हजेरी. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो झोपेतसुद्धा हेच घोकत असावा.

कार्तिकातल्या एका बुधवारी पुढच्या ओळीतले दहा खांब भरायचे ठरले. नारळ लीलाबाईंनी, म्हणजे मानसिंगरावांच्या मंडळींनी फोडला. संघपालच्या घरात नारळाचा प्रकार नाही, पण मालकाच्या समाधानाच्या आड तो कधी येत नसे. त्याचा स्वतःचा नेम वेगळा होता. सकाळी सकाळी त्यानं काळ्या टाकीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि पिऊन बघितलं. जे पाणी माणसाला चालतं तेच काँक्रीटला चालतं. पाणी चांगलं होतं.

त्या दिवशी त्याचे वडील, ज्ञानदेव आण्णा, हट्टानं बरोबर आले होते. वय सत्त्याहत्तर, गुडघे गेलेले, पण कडक इस्त्रीचा सदरा घालून गाडीवर मागं बसून पन्नास किलोमीटर आले. पाटीपुढं उभं राहून त्यांनी ती मोठ्यानं वाचली, स्वतःच्या नावाशी थोडं थांबले, मग परत वाचली. नंतर टाकीशेजारच्या लिंबाखाली रिकाम्या गोणीवर बसले. मांडीवर कापडी पिशवी. संघपालला वाटलं भाकरी असेल.

मिक्सरवर रतन होता. लोणी भापकरचा रतन आणि संघपाल, दोघं बारा वर्षं एका साइटवरून दुसऱ्या साइटवर बरोबर फिरलेले. रतन मिक्सरवर असला की संघपाल तिकडं पाठ करून उभा राहायचा, इतका भरवसा. रतनची एक खोड होती. सिमेंटची गोणी रिकामी झाली की ती झटकून, घडी घालून दहा-दहाच्या थप्पीत दगडाखाली ठेवायची. कुणी विचारायच्या आत हिशेब डोळ्यापुढं. दुपारी दोनपर्यंत दहाही खांब भरून झाले. मध्ये एकदा, सहाव्या खांबाला टाकी संपली, बोअर चालू करून परत भरली, एवढाच काय तो खोळंबा.

गुरुवारी सकाळी पहिल्या खांबाची पेटी उघडली. पेटी म्हणजे खांबाभोवतीचा फळ्यांचा साचा. एका रात्रीत काँक्रीट धरतं, दुसऱ्या दिवशी फळ्या काढायच्या, हा रोजचाच रिवाज. रतननं हातोड्यानं पाचर सैल केली, फळी बाजूला घेतली आणि खांबाची एक अख्खी बाजू घसरून त्याच्या पायावर आली. पातळ झालेल्या पिठल्यासारखी. आतल्या सळया उघड्या पडल्या. रतन नुसता स्वतःच्या बुटांकडं बघत राहिला.

"थंडीनं असंल," संघपाल म्हणाला. स्वतःलाच ते पटलं नाही. इंदापूरची थंडी ती केवढी!

मग त्यानं दहाव्याची पेटी उघडली. टणक. हातोडा मारला तर खणखणीत वाजला. नववा, आठवा, सातवा, तेही तसेच. सहाव्याची नुसती पाचर ढिली केली तर फटीतून ओला गर बाहेर आला. त्यानं धावत जाऊन पाचर परत ठोकली. एकच सिमेंट, एकच वाळू, एकच खडी, तीच माणसं, तोच दिवस. चार खांब पक्के आणि सहा कच्चे.

पुढचे दोन दिवस संघपालचं काय झालं ते सांगायला नको, पण सांगतो. तो एका जागी बसेना. सिमेंटच्या दुकानदाराला फोन, मग गोण्यांवरची तारीख बघ, मग वाळू मुठीत घेऊन चोळ. रतनच्या थप्प्या मोजल्या. एक गोणी इकडची तिकडं नव्हती. दिवसातून दोनदा बारामती-इंदापूर खेप. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एकीच्या मागं अडकला की हॉर्न वाजवून वाजवून ट्रॅक्टरवाल्याच्या शिव्या खायच्या, आणि पुढं निघाल्यावर भवानीनगरपाशी परत थांबून साइटवर फोन करायचा: "धरलं का?" शुक्रवारी त्यानं फळीच्या फटीतून खिळा खुपसला. दोन बोटं आत गेला. दुपारी दीड बोट. संध्याकाळी परत दीड बोट. खिळा पुसून त्यानं खिशात ठेवला आणि तो तिथंच विसरला. घरी खुर्चीवर बसताना टोचला तेव्हा त्याला शिवी हासडायलाही सुचलं नाही.

बायको, ज्योत्स्ना, शाळेत शिकवते. ताट पुढं ठेवून म्हणाली, "खांब घरी घेऊन आलायत तर त्यांनाबी वाढू का?" एरवी तो हसला असता.

साइटवर टाकीच्या बाजूला मुंग्यांची रांग लागली होती, काळी, जाडजूड. संघपालनं ती पाहिली आणि पायानं मोडून टाकली. साखर कारखान्याच्या मुलखात मुंग्यांचं नवल कुणाला?

शनिवारी खिळा आत जाईना, नुसता ओरखडा उठायला लागला. त्याला वाटलं, सुटलो. इमारतीचं डिझाइन बारामतीच्या राजलक्ष्मी मॅडमचं होतं. त्यानं उत्साहानं त्यांना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तीन दिवस न धरलेल्या खांबावर मी मजला चढवू देणार नाही, संघपाल. आधी कारण कळू दे. उद्या मी येते. मानसिंगरावांनाही बोलवा."

त्या दुपारी तो घरी जेवायला बसला. आण्णा भिंतीला टेकून बसले होते.

"खांब धरलं का रं?"

"न्हाय आण्णा. सहा येळेवर न्हाय धरलं."

आण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या, बोटांनी मनाशी काहीतरी मापलं आणि म्हणाले, "मग गूळ कमी पडला."

संघपालचा घास हातात राहिला.

आता आण्णांची बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर वाचणारा त्यांना उगाच हसेल. ज्ञानदेव आण्णा पोरवयात कालव्याच्या पुलांच्या कामावर होते, चुन्याच्या घाणीवर. बैल गोल फिरायचे, दगडी चाकाखाली चुना आणि वाळू दळली जायची आणि बैलांमागं हे. गवंडी आदल्या दिवशी गूळ आणि बेलफळ पाण्यात भिजत घालायचे आणि ते पाणी चुन्याला पाजायचे. त्या पाण्याशिवाय चुना धरत नाही, असं म्हणायचे. आणि ते खोटं नव्हतं. ते पूल अजून उभे आहेत, त्यांच्यावरून आता उसाच्या ट्रॉल्या जातात. पोराचं पहिलं काम, पाटीवर आपलं नाव. आण्णांनी गुऱ्हाळावर जाऊन स्वतः चव घेऊन अर्धी ढेप आणली, पिशवीत घातली आणि सगळे नारळापुढं हात जोडून उभे असताना चुरून टाकीत सोडली.

"मला इचारायचं तरी," संघपाल म्हणाला.

"तू न्हाय म्हणला असतास. तुमा शिकल्यासवरल्यांना जुनं कुठं पटतंय."

"आण्णा, चुन्याला चालतो गूळ. सिमेंटला गूळ म्हंजे इख हाय. जरा जरी गेला तरी ते धरतच न्हाय."

आण्णा बघत राहिले. त्यांचा खालचा ओठ हलायला लागला. बारा वर्षं साइटवर काढलेला पोरगा खोटं बोलणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

"म्हंजे म्या..." ते म्हणाले. "म्याच बिघडवलं व्हय?"

संघपालला ओरडायचं होतं. पण त्या ओठाकडं बघून त्यानं ते गिळलं. एवढं श्रेय मात्र त्याला दिलं पाहिजे.

"झालं ते झालं. कुणाला बोलू नगा."

"म्या केलंय, म्या सांगतो मानसिंगरावांस्नी."

"न्हाय! तुमी गप बसा. माझ्यावर सोडा."

रविवारी दहा वाजता सगळे साइटवर होते. रतन नव्हता, त्याच्या मेव्हण्याच्या पोरीचा साखरपुडा होता. राजलक्ष्मी मॅडमनी हेल्मेट घातलं, सहाही खांब वाजवून पाहिले, उघड्या सळयांवरून बोट फिरवलं आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"पाण्यात साखर गेली की नेमकं असं होतं. टँकर मागवला होता का? मळी वाहिलेला वगैरे?"

दार असं सताड उघडं होतं. नुसतं 'गूळ पडला' म्हणायचं होतं. संघपालच्या डोळ्यांपुढं मात्र भलतंच उभं राहिलं: मानसिंगरावांचे पुतणे चहाच्या टपरीवर मांडीवर थापा मारून हसतायत, 'तात्या, तुमच्या इंजिनेरानं खांबात गूळ घातला! आता वर शेंगदाणं टाका, चिक्की हुईल!' दोन तालुक्यांत हे फिरणार. आण्णांनी तोंड कुठं लपवायचं? असं तो मनाशी म्हणाला. खरं सांगायचं तर लपवायचं होतं ते स्वतःचं तोंड, आण्णांचं नाव त्यानं नुसतं पुढं केलं. माणूस आईबापाच्या आड जितका सोयीनं लपतो तितका झाडाच्या आडही लपत नाही.

"न्हाय मॅडम. बोअरचं पाणी होतं. मी पिऊन बघितलेलं."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हा त्यातला वाईट भाग.

"मग सिमेंट कमी पडलं," मॅडम म्हणाल्या. "मिक्सरवर कोण होतं?"

"रतन." आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी: "त्याचं माप चुकलं असंल. सकाळी मी सळ्यांच्या मागं होतो, माझं तिकडं लक्ष नव्हतं."

"माप चुकलं?" मानसिंगराव म्हणाले. "सहा खांबाला चुकतं आन् चारला बरं चुकत न्हाय? इकलं असंल सिमेंट. सकाळी अंधारात टेम्पो लागला असंल."

रतनच्या थप्प्या दगडाखाली तिथंच होत्या, दहा पावलांवर. संघपाल त्यांच्याकडं बघत नव्हता.

"त्याला परत साइटवर घ्यायचा न्हाय," मानसिंगराव म्हणाले. "खांब फोडा, नवं भरा. तुझ्यावर माझा राग न्हाय, संघपाल. माणूस नासका निघतो कवा कवा."

काम वाचलं होतं. संघपाल गाडीवर बसला, निमगाव केतकीपर्यंत आला आणि गाडी कडेला लावून उभा राहिला. डाळिंबाच्या बागेला कुणीतरी पाणी देत होतं. त्याला हलकं वाटायला हवं होतं. उलट चार दिवस पायात जी धग होती ती आता अंगभर पसरली होती. परत जावं, सांगावं, असं तीनदा वाटलं. एकदा तर गाडी वळवलीसुद्धा. मग परत बारामतीच्या दिशेला केली. उभ्या रस्त्यावर गाडी दोन्हीकडं फिरवणाऱ्या या माणसाकडं बागेतला शेतकरी टक लावून बघत राहिला.

सोमवारी इंदापुरातल्या प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात एकच बातमी होती: लोणीच्या रतननं सिमेंट विकलं. भिगवणला त्याचं पुढच्या महिन्याचं काम ठरलं होतं, त्या मालकानं फोन करून सांगितलं, राहू दे. रतनचे संघपालला सहा फोन आले. सहाही वेळा संघपाल वाजणाऱ्या फोनकडं बघत बसला आणि वाजायचा थांबला की उठून खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. सातवा आला तेव्हा तो अंघोळीला गेला होता. आण्णांनी उचलला.

आण्णांनी काय ऐकलं ते त्यांनी घरात सांगितलं नाही. ज्योत्स्नानं नंतर एवढंच सांगितलं की त्यांनी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ तो सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले.

मंगळवारी सकाळी आण्णा घरात नव्हते. संघपालनं आधी विहारात बघितलं, मग पारावर, मग बसस्टँडवर. साडेनवाला फोन आला.

"संघपाल, लासुर्ण्याला ये," मानसिंगराव म्हणाले. "तुझं वडील हितं आल्यात."

ओसरीवर आण्णा खुर्चीत बसले होते, हातात लीलाबाईंनी दिलेला चहा, न प्यालेला. मानसिंगराव समोर. संघपाल पायरीवरच थांबला. त्याला वर ये कुणी म्हणालं नाही.

"आण्णांनी सगळं सांगितलं," मानसिंगराव म्हणाले. "चुन्याची घाणी, गूळ, समदं. मी हसलो. खरं सांगतो, पोट धरून हसलो. आमच्या उसाचा गूळ आमच्याच खांबाला बाधला!" ते आताही थोडं हसले. आणि मग हसायचं थांबले. "म्हाताऱ्या माणसानं मायेनं केलं. त्यात काय हाय? खांब फोडू, परत भरू. हे तू रविवारी सांगितलं असतंस तर तवाबी मी हसलोच असतो."



"पण तू रतनचं नाव घेतलंस. आन् त्याला चोर म्हणलो मी. माझ्या ह्या तोंडानं, चार माणसांत. तुझ्या शब्दावर." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "आता ते मला परत घ्यायचंय आन् ते फोनवर परत घेता येत न्हाय. सोमवारी नवं खांब भरायचं. मिक्सरवर रतन उभा असला तर काम तुझं, पार रंग देईस्तोवर. तो नसला तर मी दुसरा बघतो."

"तात्या, मी आण्णांसाठी..."

"माझ्यासाठी?" आण्णा पहिल्यांदा बोलले. त्यांनी चहाचा कप जमिनीवर ठेवला. "माझ्या पायात काटा मोडला म्हणून तू दुसऱ्याचा पाय तोडलास. ते माझ्यासाठी म्हणू नगं."

घरी परत येताना ते त्याच्या गाडीवर बसले नाहीत. एसटीनं गेले.

संघपाल तसाच लोणी भापकरला गेला. बारामती ओलांडून पुढं. दुपार झाली होती. रस्ताभर तो बोलायची वाक्यं जुळवत होता, मोडत होता, परत जुळवत होता. माफीनं सुरुवात करावी का मानसिंगरावांच्या निरोपानं? निरोप चांगला होता: रतनची बेअब्रू धुऊन निघणार होती, मालक स्वतः चार माणसांत शब्द मागं घेणार होता. असा निरोप घेऊन जाणाऱ्याला कोण हाकलेल? घर येईतो त्याची जवळजवळ खात्री पटली होती.

रतन अंगणात होता. मिक्सरचा ड्रम उतरवून आतल्या पात्यांना धुऊनही चिकटून राहिलेला थर छिन्नीनं तासत होता. त्याचा स्वतःचा जुना मिक्सर. तो धुवायला कधी आळस केला नाही म्हणून वीस वर्षं टिकला होता. संघपालला बघून त्यानं छिन्नी खाली ठेवली, हात झटकले आणि आतल्या बाजूला वळून म्हणाला, "चहा टाक गं. संघपाल आलाय."

त्या 'संघपाल आलाय'नं संघपालची सगळी जुळवलेली वाक्यं पळून गेली. तो तिथंच उभ्या उभ्या बोलत सुटला. गूळ, आण्णा, मॅडमचा प्रश्न, आपलं उत्तर, मानसिंगरावांची अट, सगळं. काही राखून ठेवलं नाही. बोलताना रडला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. चहा आला, दोघांनी घेतला.

"तात्या सोमवारी सगळ्यांसमोर बोलणार हायेत," संघपाल म्हणाला. "भिगवणच्या मालकाकडं मी सोता जातो. तू फक्त ये. रतन, तू आला न्हाईस तर माझं काम गेलं."

"ते कळलं मला."

"मग?"

रतननं कप ड्रमवर ठेवला. "एक सांग. खरं सांग. रविवारी तू माझं नाव घेतलंस, तवा तुला वाटलं व्हतं का, की रतननं सिमेंट इकलं असंल? थोडं तरी? घाबरल्या माणसाला काय बी वाटतं. तसं वाटलं व्हतं का?"

'व्हय' म्हणायचं होतं. रतन स्वतःच तो शब्द त्याच्या तोंडात देत होता. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट त्याला ते 'व्हय' ऐकायचं होतं असंच दिसत होतं. पण दोन दिवसांत एवढं खोटं पोटात गेलं होतं की आणखी एक घोट जाईना.

"न्हाय," संघपाल म्हणाला. "एकदाबी न्हाय. गोण्या मी गुरुवारीच मोजल्या हुत्या. समद्या हुत्या."

रतननं मान हलवली.

"मला तू चोर समजला असतास तर मी आलो असतो," तो म्हणाला. "माणसाची चूक हुती. बारा वर्षांत एकदा माझ्याबद्दल वंगाळ वाटलं, जाऊ दे, म्हणलो असतो. पण तुला ठावं व्हतं. तरी मला पुढं केलंस. आता मिक्सरवर उभा राहून तुझ्याकडं पाठ कशी करू मी?"

त्यानं छिन्नी उचलली आणि परत कामाला लागला. चिडून नाही, जितक्या बेतानं तो रोज तासत होता तितक्याच बेतानं. संघपाल गाडीपाशी आला. खिशातला फोन वाजत होता. मानसिंगराव.

"काय म्हणतोय रतन? येतोय सोमवारी?"

संघपालनं अंगणाकडं बघितलं.

"न्हाय, तात्या. तो यायचा न्हाय. तुमी दुसरा ठेकेदार बघा."